अकापुल्कोची वाट

साहित्यव्यवहारात काही आख्यायिका अशा असतात की त्यांची शहानिशा करावी असे कोणाला वाटत नाही. त्या डळमळल्या तर वर्गात सांगण्यासारखे फारसे काही उरणार नाही, ही भीती त्यामागे असावी. गाब्रिएल गार्सिया मार्क्वेझच्या अकापुल्कोच्या सहलीची आख्यायिका त्यांपैकीच एक. १९६५ साली मेक्सिको शहरात राहणारा हा कोलंबियन लेखक पत्नी मेर्सेदेस आणि दोन मुलगे यांना ओपेल गाडीत बसवून सुट्टीसाठी समुद्राकडे निघतो. वाटेत त्याला अनेक वर्षे अडून राहिलेल्या कादंबरीचे पहिले वाक्य सापडते (काही कथनांत वाक्य नव्हे, तर आजीच्या सांगण्याचा सूर). तो तिथेच गाडी वळवतो, घरी येतो आणि ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ लिहायला बसतो.

खुद्द मार्क्वेझने मात्र हा प्रसंग नेहमी असाच सांगितलेला नाही. त्याच्याच दुसऱ्या एका कथनात गाडी वळत नाही. कुटुंब अकापुल्कोला पोचते, सुट्टी घालवते; किनाऱ्यावर त्याला क्षणाचीही स्वस्थता लाभत नाही, आणि मंगळवारी परतल्यावर तो टंकलेखन यंत्रासमोर बसतो. दोन कथनांतला हा फरक किरकोळ नाही. पहिल्या कथनात गाडीतली इतर तीन माणसे सामानासारखी आहेत. पाच-सहा वर्षांचा रोद्रिगो आणि तीनच्या आसपासचा गोन्सालो यांना समुद्र दाखवायचा होता, त्याचे काय झाले, हे ती गोष्ट विचारतच नाही. दुसऱ्या कथनात मुलांना त्यांचा समुद्र मिळतो आणि बेचैनी ज्याची त्याच्यापाशीच राहते. समीक्षेने पहिल्या कथनाला कवटाळले, याचे कारण उघड आहे. प्रतिभेच्या विजेला घाटरस्ता शोभून दिसतो. मंगळवार शोभत नाही.

परदेशी राहणाऱ्या माणसाचे आयुष्य मात्र बहुतांशी मंगळवारांचेच असते. न्यूयॉर्कमधील वृत्तसंस्थेची नोकरी सुटल्यावर १९६१ साली मार्क्वेझ पत्नी आणि लहानग्या रोद्रिगोसह बसने प्रवास करीत मेक्सिकोत आला. गोन्सालोचा जन्म १९६२चा, मेक्सिको शहरातलाच. उदरनिर्वाहासाठी लोकप्रिय मासिकांचे संपादन, जाहिरातींचा मजकूर, चित्रपटांच्या पटकथा, असे जे मिळेल ते केले. भाषा परकी नव्हती. पण समुद्र दूर होता. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथून क्वेर्नावाका, चिल्पानसिंगो असे करत, घाट उतरत सुमारे चारशे किलोमीटर गेल्यावर अकापुल्को येते. आणि तिथेही पॅसिफिक. बारांक्विया-कार्ताहेनाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला तो आपला वाटण्याचे कारण नाही. देशांतर केलेल्याला सुट्टीत लाभतो तो बहुधा असा बदली समुद्रच. त्या किनाऱ्यावरची अस्वस्थता केवळ कादंबरीची होती, असे म्हणणे म्हणूनच अपुरे वाटते.

त्यानंतरची गोष्ट घराची आहे, आणि ती जवळजवळ संपूर्णपणे मेर्सेदेसची आहे. मुले शाळेत असताना मार्क्वेझ लिहीत असे. घर कसे चालते याची विचारपूस करायची त्याला गरज पडू नये, अशी व्यवस्था तिने ठेवली. गाडीचे पैसे संपले. घरातल्या वस्तू एकेक करून गहाण पडल्या. खाटकाने उधारीवर मांस दिले, आणि भाडे थकल्यावर घरमालकाशी फोनवर बोलून आणखी काही महिन्यांची सवलत मिळवली तीही तिनेच. परमुलखात, जिथे मागे नातलग नाहीत की वडिलोपार्जित घर नाही, तिथे उधारी मिळवणे म्हणजे कुटुंबाची पत शून्यातून उभी करणे. निर्मितिप्रक्रियेच्या आपल्या चर्चेत या पतीला स्थान नाही. संध्याकाळी मित्र येत. त्यांत स्पॅनिश यादवी युद्धामुळे मायदेशाला पारखे झालेले जोमी गार्सिया आस्कोत आणि मारिया लुइसा एलिओ हे दांपत्य असे. कादंबरीची अर्पणपत्रिका त्यांच्या नावाने आहे.

चरित्र आणि संहिता यांची सरसकट सांगड घालणे धोक्याचे असते, हे मान्य. तरीही होसे आर्कादिओ बुएन्दियाकडे या बाजूने पाहता येते. तो प्रयोगशाळेत स्वतःला कोंडून घेतो. बायकोची सोन्याची नाणी किमयेच्या नादात वितळवून वाया घालवतो. घर तगते ते उर्सुलाने साखरेचे प्राणी करून विकले म्हणून. तो माणसे जमवून मोहिमेवर निघतो, समुद्रापाशी पोचतो आणि तो पाहून हताश होतो. बाहेरच्या जगाकडे जाणारी खरी वाट पुढे उर्सुलालाच सापडते, तीही पळून गेलेल्या मुलाच्या शोधात असताना. शिवाय, जे पहिले वाक्य घाटात सुचले म्हणतात, तेही एका सहलीचेच आहे: बाप मुलाला बर्फ दाखवायला नेतो. मुलांना अर्ध्या वाटेवरून परत आणणाऱ्या बापाला ते वाक्य सुचले असेल, तर आख्यायिकेतला हा उपरोध तिच्या प्रसारकांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

लेखनाला लागलेले अठरा महिने हीसुद्धा आख्यायिकेच्याच कुळातली संख्या. सहल १९६५च्या मध्यावर झाली असे धरले, तर ऑगस्ट १९६६मध्ये हस्तलिखित रवाना होईपर्यंत तेरा-चौदा महिनेच भरतात. त्या दिवसाचा हिशेब मात्र मार्क्वेझने नेमका सांगितला आहे. ब्वेनोस आइरेसच्या प्रकाशकाकडे गठ्ठा पाठवायला टपाल कचेरीत ८२ पेसो मागितले. मेर्सेदेसपाशी ५३ होते. दोघांनी गठ्ठ्याचे दोन भाग केले आणि एकच पाठवला. उरलेल्यासाठी तिने शेगडी, केस वाळवण्याचे यंत्र आणि मिक्सर गहाण टाकला. शेगडी त्याच्या लिहिण्याच्या खोलीतली होती. आधी गेला तो भाग कादंबरीचा उत्तरार्ध होता, हे त्यांच्या नंतर लक्षात आले.