गिरणीच्या गावाहून गिरणीच्या गावी

आम्ही ग्रीनव्हिलला राहतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नक्की कुठे?" अटलांटा आणि शार्लटच्या मधे, साऊथ कॅरोलायनात, असं सांगून मी सुटका करून घेते. २०२०च्या जनगणनेत शहराची वस्ती ७० हजारांच्या थोडी वर भरली. आजूबाजूची गावं धरून काउंटीची सव्वापाच लाख. माझं माहेर सोलापूर. तिथली वस्ती २०११ मध्येच साडेनऊ लाख होती. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा इथे उतरले तेव्हा "एवढंसं गाव!" असंच मनात आलं होतं.

पण या एवढ्याशा गावाच्या आसपास बीएमडब्ल्यूचा भलामोठा कारखाना आहे, मिशेलिनचं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय आहे, जीईचा गॅस टर्बाइनचा कारखाना आहे. माझ्या नवऱ्यासारखे कितीतरी भारतीय इंजिनियर त्यामुळेच इथे आले. हे सगळं इथे कसं आलं, याचा विचार मी पाच वर्षांत कधी केला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात आई-आप्पा आले आणि आप्पांनी तो करायला लावला.

आप्पा सोलापुरात गिरणीत साच्यावर होते. मी दुसरीत असताना गिरणी बंद पडली. सकाळी भोंगा वाजायचा थांबला तेव्हा आई काही दिवस उशिरा उठायची, एवढंच मला तेव्हा कळलं. थकलेल्या पैशांसाठी आप्पांनी किती वर्षं हेलपाटे घातले, ते मोठेपणी समजलं. पुढे त्यांनी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या यंत्रमागांवर काम केलं, त्यावर माझं एम.ए. झालं, मी शाळेत शिक्षिका झाले. सोलापुरात गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी शेवटी एकाच वाक्यावर येतात, "आपल्याकडे एक मोठी कंपनी आली पाहिजे." आमच्या वर्गातली निम्मी मुलं पुण्यात आहेत. मी तर साता समुद्रापार.

आप्पा आल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही त्यांना मेन स्ट्रीटवर नेलं. दोन्ही बाजूंना मोठमोठी झाडं, त्यांच्या सावलीत खुर्च्या टाकून खाणारी माणसं, सावकाश जाणाऱ्या गाड्या. आप्पांनी विचारलं, "रस्ता एवढा अरुंद का ठेवलाय? हितं तर जागेला तोटा नाही."

हा रस्ता मुद्दाम अरुंद केला आहे. पूर्वी तो चारपदरी होता. सत्तरच्या दशकात बाहेरच्या बाजूला मोठे मॉल झाले, दुकानं तिकडे गेली आणि गावाचा मध्य ओस पडला. त्या वेळचे महापौर मॅक्स हेलर. त्यांनी लॉरेन्स हॅल्प्रिन या नामवंत रचनाकाराकडून आराखडा करून घेतला, रस्ता दोनपदरी केला, पदपथ रुंद केले, झाडं लावली. ओस पडलेल्या रस्त्यावर आधी झाडं लावायची, हे तेव्हा किती जणांना पटलं असेल?

हेलर यांची गोष्ट आप्पांना फार आवडली. ते मूळचे व्हिएन्नाचे, ज्यू. त्यांच्या तरुणपणी ग्रीनव्हिलची एक मुलगी युरोपच्या सहलीवर गेली असताना व्हिएन्नात त्यांच्याशी ओळख झाली. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतल्यावर त्यांनी तिला पत्र लिहिलं. तिने गावातल्या एका शर्टाच्या कारखानदाराला गाठलं, त्याने नोकरीची हमी दिली आणि हेलर इथे आले. पहिलं काम झाडू मारायचं. पुढे त्यांनी स्वतःचा शर्टाचा कारखाना काढला, तो विकला आणि १९७१ ते १९७९ महापौर झाले. त्यानंतर राज्याच्या औद्योगिक विकास मंडळाचे ते अध्यक्ष झाले. मेन स्ट्रीटवर त्यांचा पुतळा आहे. आप्पा त्या पुतळ्याशेजारी उभे राहिले, म्हणाले, "झाडू मारणारा म्हणून आला आणि गावाचा मालक झाला. काढ फोटो."

त्या रस्त्यावर हायात हॉटेल १९८२ मध्ये उघडलं. तेही आपणहून आलं नाही. ओस पडलेल्या भागात कोण एवढा पैसा घालणार? मग हॉटेलच्या आतलं मोठं प्रांगण, सभागृह, पार्किंग यांचा भार शहराने उचलला आणि ते प्रांगण सार्वजनिक जागा म्हणून ठेवलं. १९९० मध्ये दुसऱ्या टोकाला पीस सेंटर हे नाट्यगृह झालं. दोन टोकांना दोन दिवे लागले आणि मधली दुकानं हळूहळू उघडली.

चालत चालत आम्ही रीडी नदीवरच्या धबधब्याशी आलो. गाव वसलं ते याच पाण्याच्या जोरावर. पण गिरण्यांच्या काळात नदीच्या रंगावरून त्या दिवशी कोणता रंग चालला आहे ते कळायचं, असं इथले जुने लोक सांगतात. आप्पा हसले. "आमच्या नाल्यांचंही तेच की," म्हणाले. साठ सालच्या सुमाराला तर धबधब्यावरून मोटारींचा पूलच बांधला आणि धबधबा दिसेनासा झाला. १९६७ मध्ये गावातल्या बागकामाच्या क्लबच्या बायकांनी तिथली झाडी-कचरा काढून ही जागा परत मिळवायचं मनावर घेतलं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. डिपेंडंट व्हिसावर घरी बसलेल्या बाईला अशा गोष्टींचा आधार वाटतो. पूल पाडायला मात्र २००२ उजाडलं. चांगला चालता पूल पाडायचा म्हणून पुष्कळ विरोध झाला. २००४ मध्ये तिथे फॉल्स पार्क झाला आणि धबधब्यावरून साडेतीनशे फूट लांबीचा, धनुष्यासारखा वळलेला, फक्त पायी चालायचा लिबर्टी ब्रिज आला. आज कंपन्यांचे पाहुणे आले की त्यांना आधी इथे आणतात. आप्पांना त्यावरून सोलापूरच्या साखर कारखान्याची चिमणी आठवली. विमानांना अडथळा नको म्हणून २०२३च्या जूनमध्ये ती पाडली, तेव्हा केवढी रणधुमाळी झाली होती! "ह्यांनी पूल पाडून धबधबा दाखवला," आप्पा म्हणाले, "आपण चिमणी पाडली. आता विमानातून उतरणाऱ्याला काय दाखवायचं, ते ठरवायला पाहिजे."

रात्री जेवताना विषय बीएमडब्ल्यूचा निघाला. १९९२ मध्ये कंपनीने शेजारच्या ग्रीअर गावाजवळची जागा निवडली, १९९४ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. आज तिथे ११ हजारांवर लोक काम करतात. नवऱ्याने सांगितलं, जागा वर्षाला एक डॉलर भाड्याने दिली, विमानतळाची धावपट्टी लांब करून दिली, कामगारांचं प्रशिक्षण सरकारी खर्चाने.

"एक डॉलर? म्हणजे फुकटच की," आप्पा म्हणाले. "मग फुकट मिळालं म्हणून आले?"

"सवलती इतर राज्यंही देत होती, आप्पा. शेवटच्या फेरीत नेब्रास्काचं ओमाहा होतं. इथे चार्ल्स्टनचं बंदर जवळ, हायवे दारात, शिवाय माणसं होती. गिरणीत तीन पाळ्यांत काम केलेली, यंत्राची सवय असलेली." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि युनियन नाही. युनियन सगळ्यात कमी असलेल्या राज्यांपैकी हे एक."

आप्पा लाल बावट्याचे. त्यांनी भाकरी ताटात ठेवली. आईने माझ्याकडे पाहिलं. पण ते चिडले नाहीत. "म्हणजे काही तरी देऊनच आणलंय," एवढंच म्हणाले.

शिक्षिका म्हणून मला त्यातला प्रशिक्षणाचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साऊथ कॅरोलायनाने १९६१ मध्येच तांत्रिक शिक्षणाच्या संस्थांचं जाळं उभं करायला घेतलं आणि ग्रीनव्हिलची संस्था पुढच्याच वर्षी सुरू झाली. गिरण्या तेव्हा जोरात होत्या. नव्या कंपनीला सांगायचं, तुम्ही यंत्र बसवा, तोवर आम्ही माणसं शिकवून ठेवतो. बीएमडब्ल्यू आली ती त्यानंतर तीस वर्षांनी.

पुढच्या आठवड्यात एका मराठी मैत्रिणीकडे जेवायला गेलो. ती मोनॅहन मिलमध्ये राहते. १९०० साली बांधलेली ही कापडगिरणी २००१ मध्ये बंद पडली आणि काही वर्षांतच तिच्यात फ्लॅट झाले. पुरुषभर उंच खिडक्या, जाड लाकडी खांब, उघड्या विटा. आम्ही बायका "किती छान!" म्हणत होतो. आप्पा खाली बघत होते. लाकडी जमिनीवर काळसर डाग होते, त्यांनी चवड्यावर बसून त्यावरून हात फिरवला. "तेल," ते म्हणाले. "हितं साचा होता. हा दुसरा. मधून चालायची वाट." मैत्रिणीचा सोफा जिथे होता तिथे त्यांनी साच्यांची अख्खी रांग लावून दाखवली. मग विचारलं, "आणि लोकं कुठं गेली?"

मैत्रीण गोंधळली. मलाही उत्तर देता आलं नाही.

उत्तर थोडंसं मिळालं ते स्वॅम्प रॅबिट ट्रेलवर. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली ही पायवाट आहे. एका बाकावर आप्पा टेकले, शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते. आप्पा नेहमीसारखे मोठ्याने बोलत होते. साच्यांच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत. ते गृहस्थही तसेच मोठ्याने बोलत होते. त्यांनी विचारलं, "विणकामात होतात का?" मी चाट पडले. ते स्वतः वीस वर्षं गिरणीत होते. मग मी दुभाषी झाले, पण फार वेळ नाही. आप्पांनी तुटलेला धागा गाठ मारून जोडायची बोटांची हालचाल केली, त्यांनी तशीच करून दाखवली आणि दोघं हसत सुटले.

गिरणी बंद झाल्यावर काय केलंत, हे आप्पांनी मला विचारायला लावलं. ते म्हणाले, संध्याकाळच्या वर्गांना बसलो आणि टायरच्या कारखान्यात लागलो. बहिणीला ते जमलं नाही, ती तेव्हा पन्नाशीला आली होती. गिरणीजवळचं भाड्याचं घर आता परवडत नाही, म्हणून बरंच लांब राहतो. चालायला मात्र इथेच येतो.

परतताना आम्ही युनिटी पार्कवरून आलो. २०२२ मध्ये उघडलेला हा देखणा बाग. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी मेबेरी पार्क नावाचं छोटंसं मैदान इथेच होतं. गिरणीत गोऱ्या आणि काळ्या कामगारांनी एका खोलीत काम करू नये, असा कायदाच या राज्याने १९१५ मध्ये केला होता. गिरण्यांच्या भरभराटीतही त्यांच्या वाट्याला बहुतेक झाडलोट आणि ओझी आली, आणि आता गाव सुधारलं तर आजूबाजूच्या त्यांच्याच जुन्या वस्त्यांमधली घरं महाग होत चालली आहेत. शहराने बागेजवळची काही जमीन परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवली आहे. ती पुरेल का? ज्या कंपन्यांमुळे घरं महाग झाली त्यांतल्याच एका पगारावर माझं घर चालतं, हेही मला लिहिलं पाहिजे.

आप्पा परत गेल्यावर कट्ट्यावर ग्रीनव्हिलची गोष्ट सांगायला लागले. फोनवर मला कळलं की त्यांची गोष्ट बीएमडब्ल्यूपासून सुरूच होत नाही. ती सुरू होते झाडू मारणाऱ्या पोरापासून, मग रस्त्यावरची झाडं, मग शाळा. कुणी म्हणालं, "पण आप्पा, कंपनी आली पाहिजे हो," की ते विचारतात, "आली पाहिजे. पण आली तर आपल्या किती पोरांना घेईल? आणि यंत्रमागावरच्या बाईचं काय करायचं, ते आधी ठरलंय का?" या प्रश्नावर कट्टा गप्प होतो म्हणे.

येत्या जानेवारीत आम्ही गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात असू. लेकीला आप्पांची गिरणी बघायची आहे. तिथे साचे नाहीत, काही नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा लावून दाखवतील."