सदरा आणि संसार

रायपूर, सकाळ

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

या शहरात मराठी आडनावे दिसली की नवल वाटत नाही. आधी नागपूरकर भोसल्यांचा अंमल, मग मध्यप्रांत-वऱ्हाडचा कारभार आणि मुंबई-हावडा लोहमार्ग. कारकून, मास्तर, वकील यांची घरे त्या ओघाने इकडे सरकत आली. म्हणून इथल्या लेखकाने लिहिलेली कारकुनाच्या संसाराची कादंबरी आपल्याला परकी वाटू नये. विनोदकुमार शुक्ल जन्माने राजनांदगावचे. रायपूरच्या कृषी विद्यापीठात त्यांनी शिकवले. त्यांची पहिली कादंबरी ‘नौकर की कमीज’ १९७९ साली आली, आणि तिच्यावर मणी कौल यांनी १९९९ मध्ये चित्रपट काढला. तिच्या दोनच वर्षे आधी, १९७७ मध्ये, तेहरानमध्ये अब्बास कियारोस्तामींनी ‘गोजारेश’ केला. मुलांसाठी काम करणाऱ्या सरकारी संस्थेबाहेर पडून केलेला हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. त्याचा नायक करखात्यातला कर्मचारी. कचेरीत लाचेचा आरोप, घरी बायकोशी रोजची धुसफूस, शेवटी तिचा आत्महत्येचा प्रयत्न. एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या या दोन कलाकृती शेजारी ठेवल्या की मला एक गोष्ट पटते. नोकरदाराचे लग्न किती बिघडले आहे हे नवरा-बायकोच्या भांडणांवरून कळत नाही. त्या दोघांच्या वेळेवर हुकूम कोणाचा चालतो, हे पाहावे लागते.

शुक्लांचा संतू बाबू बायकोशी भांडत नाही, उलट दोघांत मायाच आहे. पण साहेबाच्या बंगल्यावरच्या नोकराचा सदरा आधीच शिवून तयार आहे. सदऱ्याच्या मापाने माणूस शोधायचा, माणसाच्या मापाने सदरा नाही. तो सदरा नेमका संतू बाबूच्या अंगाला बसतो, म्हणून तो त्याच्या अंगात चढवला जातो, आणि कचेरीतला कारकून बंगल्यावरच्या कामाला लागतो. इकडे घर भाड्याचे, पावसात छत गळणारे, मालक डॉक्टर. डॉक्टरीणबाई संतूच्या बायकोला हाताखाली कामाला बोलावू लागतात, तेही हुकूम म्हणून नव्हे, शेजारधर्माच्या गोडव्याने. नवरा एका बंगल्यावर, बायको दुसऱ्या घरात. कागदावर त्यांच्या संसाराला कुठेही तडा नाही, पण दिवसाचे तास दोघांच्याही हातचे गेलेले आहेत. साहेब आणि डॉक्टरीणबाई यांतले कोणीच खलनायकासारखे वागत नाही, ही शुक्लांची खरी करामत. डोळे वटारणाऱ्याला नाही म्हणता येते. आपुलकीने बोलावणाऱ्याला म्हणता येत नाही.

आपला,
मधू

रायपूर, रात्र

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सकाळचे पत्र वाचून तुम्ही म्हणाल, हा तर पुरुषाला मोकळे सोडण्याचा सोपा मार्ग झाला. साहेब वाईट, भाडे वाईट, म्हणून नवऱ्याचा दोष नाही! हा आक्षेप हलका नाही. ‘गोजारेश’मध्येच त्याचे उत्तर आहे, कारण तो चित्रपट नवऱ्याची वकिली करत नाही. कचेरीतला अपमान त्याला चिडवतो हे खरे, पण ती चीड वरिष्ठांवर निघत नाही, घरात निघते, कारण तिथे ती स्वस्तात निघते. राग का आला हे परिस्थिती सांगेल. तो कोणावर काढला याचा जाब माणसालाच द्यावा लागतो. म्हणून हुकूम कोणाचा हा प्रश्न घराच्या उंबऱ्यावर थांबवून चालत नाही. आत आल्यावर नवरा स्वतःच साहेब होतो का, हेही विचारावे लागते. संतू बाबू तसा होत नाही, एवढाच काय तो त्या दोन संसारांतला फरक, आणि तो लहान नाही.

दुसरा आक्षेप असा की ही सगळी पगारदारांची दुखणी. ज्याला साहेबच नाही त्याचे काय? त्यासाठी सतीश मनवर यांचा पहिला चित्रपट ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) आठवा. विदर्भातला शेतकरी किसना कोणाचाच चाकर नाही. तरी शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर त्याची बायको अलका धास्तावते. ती त्याला एकटे सोडत नाही, पोराला त्याच्या मागावर ठेवते, गोडधोड करून घालते. तिचा सगळा दिवस पाळतीत जातो. इथे हुकूम पावसाचा आणि कर्जाचा. माया असूनही दोघांत मोकळे बोलणे उरत नाही. तिचे प्रेम त्याला पहाऱ्यासारखे जाचते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी हा जाच फार आवाज न चढवता दाखवला आहे. साहेब नसला म्हणून संसाराला उसंत मिळतेच असे नाही.

शुक्लांना हे पुरते ठाऊक असावे. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीत, जिला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, रघुवर प्रसाद हा कॉलेजातला मास्तर आणि त्याची बायको सोनसी एका खोलीत राहतात. त्या खोलीच्या खिडकीतून ती दोघे पलीकडे उतरतात. तिथे तळे आहे, शेणाने सारवलेली पाऊलवाट आहे. समीक्षकांनी याला पळवाट म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण पळून ती दोघे कुठे जातात ते पाहा. श्रीमंतीत नाही, दुसऱ्या शहरात नाही. जिथे कोणी हाक मारून कामाला बोलावत नाही अशा ठिकाणी जातात, आणि वेळ झाली की रघुवर पुन्हा कॉलेजच्या वाटेला लागतो.

आपला,
मधू