असेल!

मानसशास्त्र हा विषय मी घेतला तो खरे म्हणजे वेळापत्रकात बसत होता म्हणून. कॉलेजची पायरी चढलेला आमच्या घरातला मी पहिलाच. कोणता विषय कशाशी खातात हे सांगणारे घरी कोणी नव्हते. परंतु गेल्या सत्रात सरांनी एक प्रयोग सांगितला आणि मी बाकावर बसल्याबसल्या घामाघूम झालो.

प्रयोग अमेरिकेतला, सॉलोमन ॲश यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेला. डावीकडे एक रेघ, उजवीकडे तीन. त्यांतली कोणती डावीइतकी लांब ते मोठ्याने सांगायचे. खोलीत सात-आठ जण, पण खरा परीक्षार्थी एकच; बाकीचे सगळे सामील. अठरांपैकी बारा वेळा या मंडळींनी धडधडीत चुकीचे उत्तर द्यायचे. बिचाऱ्या खऱ्याची पाळी जवळजवळ शेवटी. एकटा असताना क्वचितच कोणी चुकेल अशा त्या रेघा. पण त्या बैठकीत या बारा वेळांची सुमारे एक तृतीयांश उत्तरे इतरांच्या मागे गेली. वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण माझी पाळीही शेवटची होती.

आम्ही सहा जण एका खोलीत राहतो. मेसचे डबे एक मुलगा आणून देत असे, माझ्याच वयाचा असेल. एका रात्री एकाच्या खुंटीवरच्या शर्टातली पाचशेची नोट दिसेना. मेसमालक त्या मुलाला घेऊन आले. मुलगा खाली मान घालून उभा, विचारले तर अडखळायचा. "चोराच्या मनात चांदणं, बघा कसा गप्प आहे!" कोणीतरी म्हणाले. मालकांनी एकेकाला विचारले. पाचही जण म्हणाले, त्यानेच घेतली.

त्या संध्याकाळी तो उंबऱ्याच्या आत आलाच नव्हता. डबे मीच दारात घेतले होते.

मी म्हणालो, "असेल."

माझी कोणी मान धरली नव्हती. खोलीची माझ्या वाटणीची अनामत मात्र त्या पाचांपैकी एकाने भरली होती. दुसऱ्या दिवसापासून डबे दुसराच आणू लागला. आठवड्याने नोट त्याच मित्राच्या पुस्तकात सापडली. त्याने सगळ्यांना भेळ खाऊ घातली. मीही खाल्ली.

पुढच्याच तासाला सरांनी ली रॉस यांचे नाव घेतले. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, त्याच्या परिस्थितीकडे पाहत नाही. या खोडीला त्यांनी १९७७ साली मूलभूत प्रमाद म्हटले. त्या मुलाच्या गप्प राहण्याला आम्ही चोरी म्हटले. मी गप्प राहिलो त्याला मी आजवर परिस्थिती म्हणत आलो. जोन मिलर यांच्या १९८४ च्या अभ्यासात शिकागोच्या प्रौढांपेक्षा म्हैसूरचे लोक परिस्थितीचा विचार अधिक करताना आढळले, हे वाचून जरा बरे वाटले. मग आठवले, आमच्या खोलीतले सहाही जण इथलेच!

ॲश यांच्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. सामील मंडळींपैकी एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी परीक्षार्थीच्या चुका एकदम कमी होत. आमच्या बैठकीत तो एक जण मी होऊ शकलो असतो. माझ्यामागे बोलणारे कोणी नव्हते हे खरे, पण ऐकणारे मालक होते, आणि तो मुलगा होता.

दिवाळीत आईला सांगितले. ती रोजाने खुरपायला जाते. मला एस. टी.त बसवताना तिनेच बजावले होते, "कुणाच्या अध्यात ना मध्यात पडू नगस." मला वाटले, म्हणेल, तू तरी काय करणार! तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"त्याचा त्या म्हयन्याचा पगार दिला का रं मालकानं?"

मला माहीत नव्हते. परत आल्यावर मालकांकडे गेलो. नोट सापडल्याचे त्यांना आमच्यापैकी कोणी सांगितलेच नव्हते. मी सांगितले. मुलाच्या पगारातून त्यांनी पाचशे कापले होते. तो आता कुठे असतो ते त्यांना ठाऊक नाही. खोलीतल्या मित्रांशी मी अजून बोललेलो नाही. अंक हाती आला की ते हे वाचतील.