वजनाची वाट

स्पीकर वर टांगायचा कशासाठी, हे एकदा हिशेबाने पाहिलं की बाकीच्या सगळ्या खटपटीचं कारण कळतं. स्टेजच्या कडेला जमिनीवर रचलेला स्पीकर पहिल्या रांगेपासून २ मीटरवर असतो, शेवटच्या रांगेपासून ३२ मीटरवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा, सोळाचे बत्तीस. झाला २४ डेसिबलचा फरक. म्हणजे मागे खुर्चीत बसलेल्या आजोबांना बंदिशीचे शब्द कळावेत म्हणून पुढे बसलेल्या नातवाच्या कानाचे पडदे पणाला लावायचे. तोच स्पीकर ८ मीटर वर नेला की पहिली रांगसुद्धा त्याच्यापासून सातेक मीटर लांब जाते आणि फरक १३ डेसिबलच्या आसपास येतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला क्रिस्टियन हाइल या फ्रेंच माणसाच्या ‘व्ही-डॉस्क’ या स्पीकर-प्रणालीने एकाखाली एक जोडलेल्या पेट्यांची रांग एका लांब स्रोतासारखी कशी वाजते ते दाखवलं आणि मोठ्या कार्यक्रमांत अशी रांग म्हणजेच लाइन अ‍ॅरे टांगणं रूढ झालं.

ऐकणाऱ्याच्या भल्यासाठी आपण त्याच्याच जवळपास, कधी थेट डोक्यावर, एवढं वजन नेऊन ठेवतो. ही जबाबदारी मला कधीच सवयीची झाली नाही आणि होऊ नये असंच वाटतं.

वजन किती, हे अंदाजाने सांगणाऱ्या माणसाला मी वजन वर ओढणाऱ्या चेन मोटरचा रिमोट हातात देत नाही. एल-अकूस्टिक्स कंपनीची के-टू ही पेटी ५६ किलोची. बारा पेट्या म्हणजे ६७२ किलो. वर पेट्या ज्याला लटकतात तो लोखंडी बंपर, जोडणीचे शॅकल, मोटरचं स्वतःचं धूड, तिची साखळी, केबलचा जाडजूड जुडगा. आकडा सहज आठशेच्या पुढे जातो. पेट्यांचं वजन सगळे धरतात. केबल आणि साखळी विसरतात. मग प्रश्न येतो की हे आठशे किलो जमिनीपर्यंत पोचतात कोणत्या वाटेने? पेटीतून पिनेत, पिनेतून बंपरमध्ये, तिथून शॅकल, मोटर, बेल्ट, बीम, खांब, पाया. या वाटेवरचा प्रत्येक टप्पा मला बोट ठेवून दाखवता आला पाहिजे आणि प्रत्येकाची क्षमता कुठेतरी लिहिलेली असली पाहिजे. एक जरी टप्पा ‘असेल हो मजबूत’ या भरवशावर असला, तर वाट तिथेच तुटली असं मी धरतो.

आपल्याकडे ही वाट बहुतेक वेळा छताशी तुटते. पत्र्याच्या शेडचं मंगल कार्यालय घ्या. व्यवस्थापक मोठ्या आपुलकीने वर बोट दाखवतात, “अहो साहेब, याच पायपाला मागच्या वर्षी केवढं झुंबर टांगलं होतं! काही होत नाही.” झुंबर टिकलं, यावरून झुंबर टिकलं एवढंच कळतं. ते छत पत्र्याचं वजन आणि वाऱ्याचा दाब धरून बांधलेलं असतं. त्याच्या कैचीत भार घ्यायची जागा म्हणजे जिथे तिरके आणि आडवे तुकडे एकत्र येतात तो सांधा. दोन सांध्यांच्या मधोमध बेल्ट गुंडाळला की तो तुकडा वाकायला लागतो, आणि तशा वाकण्यासाठी तो केलेलाच नसतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेला नकाशा मागितला की बरेचदा शांतता पसरते. अशा ठिकाणी जमिनीवरून चार पाय घेऊन उभं राहणारं ट्रसचं ग्राउंड सपोर्ट आणायचं, किंवा टांगायचंच नाही.

छत चांगलं असलं तरी बीम हवा तिथे क्वचितच असतो. मग दोन बीमवरून दोन तारा खाली आणून मधे एक पॉइंट करायचा, त्याला आम्ही ब्रायडल म्हणतो. नव्या पोरांना इथेच सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो, कारण दोन तारा म्हणजे वजन निम्मंनिम्मं असं सगळ्यांनाच वाटतं. पाण्याने भरलेली घागर दोघांनी दोरीला अडकवून उचलून पाहावी. दोघं जवळ असले तर सोपं जातं. एकमेकांपासून लांब सरकत गेले की घागर तीच, पण हात भरून येतात. १००० किलोच्या भाराला दोन तारांमध्ये ६० अंशांचा कोन असला तर प्रत्येक तारेवर ५७७ किलोंचा ताण येतो. ९० अंशांना ७०७. १२० अंशांना प्रत्येक तारेवर पुरते १०००, म्हणजे दुसरी तार लावून ताणात काहीच कमावलं नाही. आणि छत ठेंगणं आहे म्हणून कोन १५० पर्यंत पसरला, तर एकेका तारेवर १९०० किलोंच्या वर. शिवाय हा ताण बीमला आडवाही ओढतो, ज्या दिशेचा विचार बीम बसवणाऱ्याने केलेलाच नसतो. हे आकडे मी पोरांना कागदावर स्वतः काढायला लावतो. पाठ केलेला आकडा रात्री दोन वाजता आठवत नाही, काढलेला आठवतो.

आता एक शॅकल हातात घेऊन पाहू. धनुष्यासारखं लोखंडी कडं आणि त्यातून आरपार जाणारी आट्याची पिन. कड्यावर भारक्षमता टनांत कोरलेली असते. ती पुसली गेली असेल तर शॅकल बाद. पिन हाताने फिरवायची, ती अडखळली तर आटे खराब. आत कड्याचा वाकलेला भाग अंगठ्याने चाचपायचा, घासून खोलगट झालाय का ते डोळ्याआधी अंगठ्याला कळतं. भार कड्याच्या पोटात आला पाहिजे, कडेला तिरका नको. पिन पूर्ण आवळायची आणि तिच्या डोळ्यातून झिप टाय ओवून कड्याला बांधून टाकायची, कारण बेसचे हादरे तासन् तास चालतात आणि हादऱ्यात न बांधलेलं सगळं सैल होतं. हॉलमध्ये भिंतीवर कायमचे बसवलेले छोटे स्पीकरही याच कारणाने वर्षा-दोन वर्षांनी तपासायला हवेत. तिथे साधा नट बघवत नाही, हादऱ्याने सैल न होणारा नायलॉक नट हवा. आणि पेटीचं हँडल हे हाताने उचलायला दिलेलं असतं. त्यात दोरी ओवून स्पीकर टांगलेला दिसला की मी कार्यक्रम सुरू असतानाही उठून सांगतो.

उचलताना घाई नको. अ‍ॅरे जमिनीपासून वीतभर सुटली की मोटर थांबवायची आणि सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. बंपर सरळ आहे का, साखळीला पीळ आहे का, दुसऱ्या बाजूची मोटर मागे पडतेय का, छतातून करकर येतेय का. या दोन मिनिटांत जे कळतं ते वर गेल्यावर कळून उपयोग नसतो. खाली कुणी नको, खुर्च्या लावणारेही नकोत. जागेवर पोचली की पोलादी सेफ्टी, म्हणजे मुख्य आधार तुटला तर वजन धरणारी जादा तार, लावायची, तीही शक्य तितकी कमी ढील ठेवून. ढिली सेफ्टी म्हणजे वजनाला पडायला दिलेली जागा, आणि थोडंसं पडलेलं वजनसुद्धा झटक्यात कितीतरी पट होऊन बसतं.

उघड्या मैदानावर मात्र मला खरी धास्ती वाऱ्याची. आपल्या जत्रांचे दिवस चैत्र-वैशाखाचे, वळवाचेही तेच. दिवसभर पान हलत नाही आणि संध्याकाळी पावसाच्या आधी धुळीचा लोट घेऊन वारा येतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण २५ किलो असतो. बारा पेट्यांच्या अ‍ॅरेचं तोंड पावणेसहा चौरस मीटर, म्हणजे दीडशे किलोच्या घरात आडवा रेटा, तोही टॉवरच्या शेंड्याजवळ. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणून ‘थोडा वाढलाय’ हे वाक्य फसवं आहे. १३ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत अशाच वादळाआधीच्या झोतात स्टेजवरचं तात्पुरतं छत दिवे-स्पीकरांसकट प्रेक्षकांवर कोसळलं आणि ७ माणसं गेली. ताणाच्या तारा ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधल्या होत्या ते ठोकळे तो रेटा पेलू शकले नाहीत. चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली: कार्यक्रम थांबवायचा अधिकार नेमका कुणाचा, हेच स्पष्ट नव्हतं. त्या प्रसंगाबद्दल वाचताना लोखंडापेक्षा ही दुसरी गोष्ट मला जास्त लागली, कारण आपल्या मैदानांवर ती रोज दिसते. व्यासपीठावर पाहुणे आहेत, भाषण चालू आहे, आणि वायुवेगमापकाकडे पाहणाऱ्या पोराला बोलायची हिंमत होत नाही.

म्हणून आम्ही करारात लिहून घेतो: अमुक वेगाला अ‍ॅरे खाली येईल, तिच्या आसपासची माणसं हलवली जातील, आणि हा निर्णय मैदानावरच्या रिगरचा, म्हणजे टांगणी सांभाळणाऱ्याचा, असेल, त्याला कुणाची परवानगी लागणार नाही. ही ओळ खोडा म्हणणारे आयोजक भेटतात. त्यांच्याकडे आम्ही स्पीकर जमिनीवर नीट बांधून रचतो, मागच्या लोकांसाठी मैदानाच्या मधोमध डिलेचे, म्हणजे आवाज किंचित उशिराने सोडणारे, छोटे स्पीकर ठेवतो, आणि बिल तेवढं कमी लावतो.