बटण, नग 1

गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये दानाची पिशवी फिरलीच नाही. समोरच्या बाकाच्या पाठीला क्यूआर कोडचं स्टिकर चिकटवलेलं होतं. गीत चालू असतानाच जो तो मोबाइल काढून नेम धरू लागला. माझेही पाचशे रुपये गेले. हाताला मात्र काहीच कळलं नाही.

पिशवी म्हणजे जांभळ्या मखमलीची, लाकडी दांड्याची. जवळ आली की तिला नाण्यांचा आणि घामट मुठींचा वास यायचा. आत हात घालून मूठ सोडायची. कुणी किती टाकलं ते शेजारच्याला कळू नये, म्हणून तर पिशवी. या सोयीचा मी आठव्या वर्षीच फायदा घेतला.

1976 साल असेल. दहा पैशांचं नाणं तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचं, कडा नागमोडी, वजनाला इतकं हलकं की मखमलीत पडल्याचा आवाजही होत नसे. आजीच्या डब्यातलं शिंपल्याचं एक बटण मी मुठीत धरून नेलं. बटण पिशवीत गेलं, नाणं फ्रॉकच्या खिशात राहिलं, आणि उपासना सुटल्यावर फाटकाबाहेर चिंचेच्या गोळ्या.

आजोबा नगरला मिशनच्या शाळेत मास्तर आणि मंडळीचे खजिनदार. दान दोघांनी मिळून मोजायचं, हा शिरस्ता. दुसरे पंच हसत हसत बटण खिडकीबाहेर भिरकावणार होते म्हणे. आजोबांनी हात धरला. देवाच्या पिशवीत आलेलं फेकायचं कसं? घरी येऊन त्यांनी जाड पुठ्ठ्याच्या वहीत टाकाने रोख रक्कम लिहिली आणि तिच्याखाली लिहिलं: बटण, नग 1.

ते त्यांच्याच रविवारच्या सदऱ्याचं होतं, गळ्यापासून दुसरं. तुटलं म्हणून आजीने डब्यात टाकून ठेवलेलं. ती सुईदोरा घेऊन आली, तर म्हणाले, "जमा झालंय ते." पुढे कितीतरी रविवार ते सदऱ्याला सेफ्टी पिन लावून चर्चला गेले. ते डब्यातून पिशवीत कुणी नेलं, हे त्यांना कळलं नसेल असं नाही. मला एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते, तर मी केव्हाच विसरून गेले असते.

त्यांचा आवडता उतारा फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातला. पौल कैदेत आहे, आणि भरल्या ताटावर काय, उपाशी पोटी काय, सारखंच राहण्याची विद्या आपण कमावली असं सांगतो. प्रवचनांत हा भाग नेहमी वरच्या पट्टीत येतो. आजोबांना त्यातली गंमत निराळीच वाटे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताकरवी मदत पाठवली होती, आणि ती पोचली हे कळवता कळवता पौल समाधानाचं बोलून गेलाय. "पावती आहे ही, पावती," ते म्हणत. आणि शिकल्याचं जिथे लिहिलंय तिथे बोट ठेवत. शिकला, म्हणजे आधी येत नव्हतं. रात्री वही मिटली, प्रार्थना झाली, की पाच मिनिटांत घोरायला लागत.

मला अजून येत नाही. बँकेच्या नोकरीत दोनदा बढती हुकली. त्यातल्या एका वर्षी प्रभूभोजनाची भाकर हातात असताना, पुढे गेलेल्या माणसाचं नाव माझ्या मनात होतं. तिसऱ्यांदा बढती मिळाली ती गुवाहाटीला. मुलगी दहावीला होती, तरी गेले. तिथल्या क्वार्टरमध्ये रात्ररात्र पंख्याकडे बघत पडायची.

नगरकडच्या माणसाने समाधानाबद्दल लिहायचं आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक मध्ये यायचे नाहीत, असं होत नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा, मग नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम, 'ज्ञानोदय'चं संपादन. 1917 मध्ये पगारासकट मिशन सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार'. दोन वर्षांत, 9 मे 1919 ला, गेले. आजोबा हे सांगू लागले की त्यांचा गळा दाटे, आणि आत आजी भांडी जरा जोरात ठेवू लागे. तिने टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तीनदा वाचली होती आणि ती सरळसरळ लक्ष्मीबाईंच्या पक्षातली. पैशाशी फटकून राहणाऱ्या कवीचा संसार कुणी रेटला, ते लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहिलंय. आजी तिथे हसत नसे. "ख्रिस्तायनसुद्धा साडेदहा अध्यायांवर टाकून गेले," ती म्हणायची, "पुढचं बाईनंच ओढलं."

मुंबईच्या एका शाळेने आजोबांना हेडमास्तर म्हणून बोलावलं होतं. त्यांनी रात्रभर प्रार्थना केली आणि सकाळी नकाराचं पत्र टाकलं. आजीला विचारलं नव्हतं. "तुमच्या समाधानाला फोडणी मला घालावी लागते," हे तिचं वाक्य मी अनेकदा ऐकलंय. तिचा हा राग माझ्याकडे वारशाने आलाय, आणि तो सोडायचा माझा काही विचार नाही.

बटण जमा झालं त्या वर्षीच्या हंगामाच्या सणाला ज्वारीची पोती, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं वेदीपुढे मांडलं होतं. उपासनेनंतर पटांगणात लिलाव. एकच अंडं घ्यायचं, परत दान करायचं, पुन्हा बोली. असं करत काही आण्यांचं अंडं पाच रुपयांवर जाई. भोपळे संपले तशी आजोबांनी वही उघडली आणि गंभीरपणे वाचलं, "बटण, नग एक."

हशा पिकला. कुणीतरी चेष्टेत आठ आणे म्हटलं.

"दोन रुपये." आवाज बायकांतून आला. आजी पदराची गाठ सोडत उभी होती. गाठीत तेवढेच होते.

आठ आणेवाला चढला नाही. आजोबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याशी पिन चमकत होती. त्यांनी पावतीपुस्तकात कार्बन सरकवला आणि सगळ्यांना विचारत तसंच तिलाही नाव विचारलं. तिनेही सांगितलं, माहेरच्या आडनावासकट.

बटण तिने त्याच रात्री लावलं. काळ्या दोऱ्याने. पांढरा संपला होता.