चैत्रातलं पाणी

त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मीच लिहिलं होतं. अजून ते सलतं.

पर्यावरण सल्लागार म्हणून छत्रपती संभाजीनगरात माझी अठरा वर्षं गेली. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं, वीज नियामक आयोगापुढच्या हरकती, सगळं केलं. ते सांगत बसत नाही.

पैठण तालुक्यातल्या एका साखर कारखान्याला डिस्टिलरी वाढवायची होती. 2006च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागली. अहवाल आमच्या फर्मचा, शेकडो पानांचा, इंग्रजीत. गावासाठी मराठीत फक्त सारांश, तो मी लिहिलेला. मंडपात रोजगाराबद्दल, रस्त्याबद्दल पुष्कळजण बोलले. मग मागून साठीच्या एक बाई उठल्या.

"साहेब, माझ्या हिरीचं पाणी तुमी नेलं चैतात. मळीचा वास सुटतो श्रावणात. तवा का नाही आले?"

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, निघतं. ते साठवायचा तलाव गळका असला की पावसात झिरपून विहिरीत उतरतं. आणि नियम काय सांगतो? एका हंगामाची मोजमापं घ्या, पावसाळा सोडून. म्हणजे बाईंची विहीर ज्या महिन्यांत नासते, नेमके तेच महिने वगळलेले. आम्ही मार्च ते मे घेतले होते. कायद्याने चोख.

श्रावणात पुन्हा नमुना घेऊ, असं मी वरिष्ठांना सुचवलं. "कार्यकक्षेत नाही," एवढंच उत्तर आलं. एक जीप, एक दिवस, चार बाटल्या. याहून जास्त काय लागलं असतं? मीही पुढे रेटलं नाही. अंतिम अहवालात बाईंच्या प्रश्नासमोर लिहिलं : 'भूजलाचे नमुने विहित मर्यादेत आढळले आहेत.' वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त बोचतं. मंजुरी मिळाली.

त्यानंतर कितीतरी दिवस मी म्हणायचो, सुनावणी हा निव्वळ देखावा आहे. अधिसूचनेत हजेरीला गणसंख्येचीही अट नाही; चार माणसं आली तरी सुनावणी झाली. आज तसं म्हणवत नाही. तो मंडप नसता तर बाईंचा श्रावण सरकारी कागदावर कुठेच उमटला नसता. मात्र पावसाळ्यातला नमुना सक्तीचा केल्याशिवाय अशा अहवालातलं भूजलावरचं प्रकरण वाचायच्याही लायकीचं होणार नाही, हे माझं ठाम मत आहे.

तुमच्या गावात सुनावणी लागली तर नुसतं बोलून थांबू नका. लेखी द्या, पोच घ्या. पाणी कोणत्या महिन्यात बिघडतं, तो महिना नावानिशी लिहा. आणि इतिवृत्त मराठीत वाचून दाखवल्याशिवाय मंडपातून उठू नका. ते वाचून दाखवणं सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे.