बाटलीवरील दोन अक्षरें

आमच्या एका स्नेह्यांनीं परदेशाहून येतांना आमच्याकरितां शॅम्पेनची एक बाटली आणली. तिजवर सरदारघराण्यास शोभेल असें नांव होतें व वर सोनेरी मुकुट. जुनी हवेली, तिचें गार तळघर, स्वतः बाटल्या फिरविणारा वृद्ध मालक, हें सारें आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. मग चष्मा लावून खालची ओळ वाचली. नोंदणीच्या आंकड्याआधीं, मुंगीच्या पायाएवढ्या टाइपांत, 'एम. ए.' हीं अक्षरें होतीं. अर्थ असा कीं, हें नांव खरेदीदाराचें. घराणें कोठेंच नव्हतें. कोणी दुसऱ्याकडून मद्य घेऊन त्यावर तें नांव चिकटविलें होतें. मद्य वाईट नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे.

अशीं अक्षरें शॅम्पेनच्या प्रत्येक बाटलीवर असावींत असा तेथील नियम आहे. 'आर. एम.' म्हणजे आपल्याच द्राक्षांचें मद्य करणारा बागाइतदार. बाहेरचीं द्राक्षें त्याला शेंकडा ५ पेक्षां अधिक घेतां येत नाहींत. 'एन. एम.' म्हणजे द्राक्षें विकत घेणारी पेढी. मळे सुमारें ९० टक्के बागाइतदारांचे, पण विक्रींत मोठा वांटा पेढ्यांचा. ही कटुता जुनीच आहे. परप्रांतींचीं द्राक्षें आणून शॅम्पेन म्हणून विकतात, या संतापानें १९११ सालीं मार्नच्या खोऱ्यांतील बागाइतदारांनीं व्यापाऱ्यांचीं तळघरें फोडलीं. सरकारास फौज पाठवावी लागली.

तथापि अक्षरें सर्वच सांगत नाहींत. कांहीं पेढ्या दुसऱ्यानें तयार केलेल्या बाटल्याच घेऊन त्यांवर आपलें लेबल लावितात. कायद्यास तें चालतें, ग्राहकास मात्र कळत नाहीं. आणि मालक कोण? पोल रोजे व क्रुग या दोन्ही पेढ्यांच्या बाटल्यांवर 'एन. एम.'च. पहिली अद्याप संस्थापकाच्या वंशजांच्या हातीं आहे. दुसरी १९९९ सालीं एल. व्ही. एम. एच. या प्रचंड समूहानें घेतली.

स्वतंत्र मालकी तेथें उघडा व्यवहार, अशी आमची भाबडी समजूत होती. पण २०११ पासून बाटलीवर आंकडा छापून तिच्यांतील मिश्रणाची हकीकत सांगूं लागली ती क्रुगच! आमचें समीकरण तेथें बिघडलें, तें अजून जुळलेलें नाहीं.

ती रिकामी बाटली आमच्या कपाटावर आहे. कोणी पाहुणा मुकुट पाहून घराण्याची चौकशी करूं लागला, कीं आम्ही आपला चष्मा त्याच्या हातीं देतों.